परदेशातल्या शहरी रहदारीत बडोदेकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातून परदेशी निघणारी मराठी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सर्वांत जास्त प्रश्न व्हिएतनाम आणि थायलंडबद्दल येतात, त्याखालोखाल इजिप्त, तुर्कस्तान आणि इटलीबद्दल. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी पुरेल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही मांडवी-रावपुऱ्यात वाढलो. आम्हाला परदेशातल्या रहदारीची काळजी कशाला?

गर्दीत न बिचकणं ही बडोदेकराची जमेची बाजू आहे, आणि ती तिथे उपयोगी पडते. पण न्यायमंदिर ते मांडवी या रस्त्यावर पक्क्या झालेल्या काही सवयी तिथे घातक ठरतात. रस्त्यावर पाऊल टाकताना आपली मान आपोआप आधी उजवीकडे वळते. हनोई, कैरो, इस्तंबूल किंवा नेपल्समध्ये पहिली गाडी डावीकडून येते. गाडी जवळ आली की आपण एक पाऊल मागे घेतो. हनोईत तेच सर्वांत धोक्याचं पाऊल आहे (कारण प्रश्न ३ मध्ये). दोन गाड्यांमधून पळत सुटायची सवयही तिथे अंगाशी येते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. दाट गर्दीच्या, संथ रस्त्यापेक्षा मोकळा, वेगवान रस्ता जास्त धोक्याचा असतो. स्कूटरींचा लोंढा पाहून छाती दडपते, पण तो ताशी वीस-तीस किलोमीटरने सरकत असतो. त्याच शहराच्या कडेचा रुंद, शांत दिसणारा रस्ता पर्यटक बेफिकिरीने ओलांडतात आणि तिथे गाड्या ताशी साठ-सत्तरने येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गाडीच्या पुढच्या भागाची धडक बसल्यास पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ किलोमीटरला साडेचार पट होतो.

२. कुठल्या देशात गाड्या कुठल्या बाजूने चालतात?

आपल्यासारख्या डाव्या बाजूने: नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश, थायलंड, मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, जपान, ब्रिटन. उजव्या बाजूने: व्हिएतनाम, कंबोडिया, चीन, संयुक्त अरब अमिराती, इजिप्त, तुर्कस्तान, जॉर्जिया आणि ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून बाकीचा युरोप.

ही यादी पाठ करून भागत नाही, कारण थकल्यावर मान पुन्हा जुन्या सवयीने वळते. म्हणून नियम एकच ठेवा: प्रत्येक रस्त्यावर, अगदी एकेरी रस्त्यावरसुद्धा, डावीकडे, उजवीकडे आणि पुन्हा एकदा डावीकडे-उजवीकडे बघायचं. बँकॉकमध्ये काही रस्त्यांवर बसची मार्गिका इतर रहदारीच्या उलट दिशेने जाते, आणि व्हिएतनाममध्ये रस्त्याच्या कडेने उलट्या दिशेने येणाऱ्या स्कूटर नेहमी दिसतात. बस किंवा टॅक्सीतून उतरतानाही बाजू लक्षात ठेवा. उजव्या बाजूने गाड्या चालतात त्या देशात फूटपाथ गाडीच्या उजवीकडे असतो, म्हणून उजव्या दारानेच उतरायचं. डावं दार रहदारीत उघडतं.

३. हनोई आणि हो ची मिन्ह सिटीत स्कूटर थांबतच नाहीत. मग रस्ता ओलांडायचा कसा?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. व्हिएतनाममध्ये नोंदणी झालेल्या दुचाकी सात कोटींहून अधिक आहेत, त्यामुळे मोकळी फट मिळण्याची वाट बघत राहिलात तर गर्दीच्या वेळी फूटपाथवरच उभे राहाल. तिथला स्कूटरवाला थांबत नाही, तो वळसा घालतो. पंधरा-वीस मीटरवरून तो तुमच्या चालीचा वेग बघतो आणि आपण पोहोचू तेव्हा हा माणूस कुठे असेल याचा अंदाज बांधून हँडल किंचित वळवतो. बहुतेक जण तुमच्या पाठीमागून जायची वाट धरतात. मागे पाऊल का घ्यायचं नाही, ते यावरून कळेल: ज्या जागेतून तो जायला निघाला आहे, नेमक्या त्याच जागेत तुम्ही परत येता.

शक्यतो झेब्रा पट्ट्यावर उभे राहा. तिथे कोणी थांबेल म्हणून नव्हे. माणूस तिथून येणार हे चालकाला ठाऊक असतं म्हणून. आधी डावीकडे बघा आणि येणाऱ्यांत मोटार, बस किंवा ट्रक आहे का ते तपासा. असेल तर ती जाऊ द्या. स्कूटर दोन फूट सरकून वाट काढते. बसला तशी जागाही नसते आणि ती तेवढ्यात थांबतही नाही. फक्त स्कूटर उरल्या की फूटपाथवरून उतरा आणि संथ, एकसारख्या चालीने निघा. पळू नका, मध्येच वेग बदलू नका, मोबाइल हातात नको. मान येणाऱ्या गाड्यांकडेच असू द्या. चालकाला तुमचा चेहरा दिसला की त्याला तुमचा अंदाज सोपा जातो. मध्यरेषा ओलांडल्यावर मान उजवीकडे वळवा, पण पाय थांबवू नका. एखादी स्कूटर फारच जवळ आली तर जागच्या जागी थांबा, मागे मात्र जाऊ नका. थांबलेल्या माणसाला ती वळसा घालते.

चार-पाच जण असाल तर एकामागे एक रांग करू नका. रांग लांबली की तिच्या मधून स्कूटर घुसतात आणि मागचे मागेच राहतात. खांद्याला खांदा लावून, रस्त्याच्या लांबीला समांतर उभे राहून, सगळ्यांनी एकदम पाऊल टाका. पहिल्या दिवशी अरुंद गल्लीत सराव करा. हनोईत होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत गाड्यांना बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवारी पोहोचणाऱ्यांना तिथून जुन्या शहराच्या गल्ल्यांत हळूहळू शिरता येतं.

आवाजावर विसंबू नका. विजेवर चालणाऱ्या स्कूटर तिथे झपाट्याने वाढल्या आहेत आणि त्या मागून येतात तेव्हा काहीच ऐकू येत नाही.

४. हात दाखवला की गाडी थांबत नाही का?

हात दाखवावा, पण मी इथे आहे एवढं कळवण्यासाठी. व्हिएतनाममध्ये स्थानिक माणसं हात खाली, कमरेच्या पातळीला धरून तळवा येणाऱ्या गाड्यांकडे करतात. तेवढं पुरतं. हात उंच करून ‘थांब’ म्हटलं म्हणून कोणी थांबेल, हे गृहीत धरून पाऊल टाकू नका. इटलीत चित्र वेगळं आहे. तिथे झेब्रा पट्ट्यावर कायद्याने पादचाऱ्याचा हक्क पहिला, आणि नेपल्ससारख्या उच्छृंखल शहरातसुद्धा पट्ट्यावर ठाम पाऊल टाकून चालकाकडे बघितलं की गाडी बहुधा थांबते. फूटपाथवर घुटमळत उभ्या राहिलेल्या माणसासाठी मात्र कोणी थांबत नाही.

५. हीच पद्धत कैरोत चालेल का?

नाही. ही चूक व्हिएतनाम करून मग इजिप्तला जाणारे करतात. कैरोच्या रस्त्यावर मुख्यतः मोटारी, मायक्रोबस आणि टॅक्सी असतात. मोटारीला वळसा घालायला जागा नसते. तिच्यापुढे ब्रेक एवढाच पर्याय उरतो. ताशी ५० किलोमीटर वेगात चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी जवळपास १४ मीटर पुढे येते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण तेवढंच अंतर आणखी लागतं. म्हणून कैरोत एकेक मार्गिका ओलांडतात: पहिल्या मार्गिकेत फट मिळाली की पुढे, मग दोन मार्गिकांच्या मधल्या जागी उभं राहून पुढच्या फटीची वाट. कैरोतली माणसं हे सहज करतात. पाहुण्याने एकट्याने करू नये. तीन-चार स्थानिक माणसं ओलांडत असतील त्यांच्या बरोबर चाला, आणि गाड्या ज्या बाजूने येतात त्या बाजूला ती असू द्या, आपण त्यांच्या आडोशाला.

शक्य तिथे जमिनीखालून जा. तहरीर चौकाखाली सादात हे मेट्रो स्थानक आहे आणि त्याचे जिने चौकाच्या वेगवेगळ्या बाजूंना निघतात. एखादा जिना बंद असतो, पण तरीही वरून ओलांडण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. अंधार पडल्यावर जास्त जपून. कैरोत पुढचे दिवे न लावता जाणाऱ्या गाड्या असतात. गडद कपडे टाळा.

६. बँकॉकमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. मग तिथे तरी सोपं असेल ना?

बाजू ओळखीची आहे, वेग ओळखीचा नाही. सिग्नल लाल असताना बँकॉक ठप्प असतं, आणि हिरवा झाला की तीच वाहनं रुंद रस्त्यावर जोरात सुटतात. उभ्या मोटारींच्या रांगांमधून दुचाकी पुढे येत असतात. थांबलेल्या गाडीच्या पुढून जाताना तिच्या पलीकडच्या फटीत डोकावल्याशिवाय पाऊल टाकू नका. सिग्नल नसलेल्या पट्ट्यावर कोणी थांबेल असं धरून चालू नका. तिथे पादचारी पूल भरपूर आहेत आणि सुखुमवित, सियाम या भागांत आकाशगाडीच्या (खांबांवरून धावणाऱ्या शहरी रेल्वेच्या) स्थानकांमधूनच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाता येतं, तिकीट न काढता. जिने चढवत नसतील तर प्रश्न ८ पाहा.

फूटपाथवरही दुचाकी येतात, मागूनही. कडेला सरकून चाला आणि खांद्यावरची पिशवी इमारतीच्या बाजूला घ्या.

७. पादचाऱ्याचा सिग्नल हिरवा असेल तर निर्धास्त जाता येतं ना?

पूर्ण निर्धास्त नाही. हिरव्या माणसाच्या वेळी वळणाऱ्या गाड्यांनाही बऱ्याच देशांत परवानगी असते. व्हिएतनाममध्ये १ जानेवारी २०२५ पासून दंड प्रचंड वाढले आहेत. लाल सिग्नल मोडल्यास दुचाकीला ४० ते ६० लाख डाँग (तिथलं चलन), मोटारीला १ कोटी ८० लाख ते २ कोटी डाँग. स्कूटर फूटपाथवर चढवली तरी ४० ते ६० लाखच. त्यामुळे चौकातली शिस्त सुधारली आहे. लाल असताना उजवीकडे वळायला वेगळी खूण किंवा पाटी असावी लागते, आणि ती असलेल्या चौकात तुमच्या हिरव्यातही स्कूटर वळून येतील.

सिग्नलवर सेकंद मोजणारा आकडा असेल तर तो वाचा. चार मार्गिकांचा रस्ता साधारण १४ मीटरचा असतो. धडधाकट माणसाला सेकंदाला १.२ मीटर या चालीने बारा सेकंद लागतात. आकडा पंधराच्या खाली असेल तर पुढच्या फेरीची वाट बघा.

८. आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना न्यावं का?

जरूर न्या. फक्त आखणी वेगळी करा. वयस्कर माणूस सेकंदाला सुमारे ०.८ मीटर चालतो, म्हणजे वरचाच रस्ता त्याला साडेसतरा सेकंदांचा होतो. गुडघे दुखत असतील तर आणखी जास्त. हॉटेल निवडताना खोलीच्या सजावटीपेक्षा ते रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे हे बघा: जेवणाची जागा, दुकान, गाडी उभी राहण्याची जागा त्याच बाजूला असेल तर रोजचे चार-सहा रस्ते वाचतात. ॲपवरून गाडी बोलावताना पत्ता समोरच्या बाजूचा टाकला जातो आणि मग आजोबांना रस्ता ओलांडावा लागतो. नकाशावरची खूण बोटाने सरकवून आपल्याच बाजूला आणा. समोर जायचं असेल तर दोन-तीनशे मीटरसाठीही गाडी करा, त्यात संकोच करू नका.

बँकॉकच्या आकाशगाडीच्या स्थानकांना उद्वाहक आहेत, पण दर जिन्यापाशी नाहीत. कुठल्या दारापाशी आहे ते आधी बघून ठेवा. ओलांडायचंच असेल तर ज्येष्ठांना मधोमध घ्या, दोन्ही बाजूंना तरुण माणूस, आणि त्यांच्या चालीने चला. हात ओढून वेग वाढवू नका. ओढलेला माणूस अडखळतो, आणि मग प्रश्न ३ मधलं एकसारख्या चालीचं सगळं गणित मोडतं.

९. लहान मुलं आणि बाबागाडीचं काय?

मुलाला बोटाला न धरता मनगटाला धरा, आणि गाड्यांच्या विरुद्ध बाजूला ठेवा. मध्यरेषेपाशी बाजू बदलायची कसरत नको. दोन मोठ्यांच्या मध्ये मूल, हे उत्तम. तीन वर्षांच्या आतलं मूल छातीशी बांधायच्या झोळीत घ्या. बाबागाडीचं पुढचं चाक तुमच्या पावलाच्या मीटरभर आधी रस्त्यावर उतरतं आणि त्या उंचीवर ते स्कूटरवाल्याला दिसत नाही. हनोईच्या जुन्या भागात तर फूटपाथवर बाबागाडी ढकलायला जागाच नसते.

१०. फूटपाथ असूनही माणसं रस्त्यावरून का चालतात?

कारण फूटपाथवर उभ्या स्कूटर, खाण्याच्या गाड्या आणि प्लास्टिकची बुटकी स्टुलं असतात. खंडेराव मार्केटपाशी होतं तसंच. रस्त्यावर उतरावं लागलं तर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने चाला. म्हणजे उजव्या बाजूने रहदारी असलेल्या देशात रस्त्याच्या डाव्या कडेने. पाठमोरं चालताना मागून काय येतंय ते कळत नाही.

११. सतत हॉर्न वाजतात. ते चिडून वाजवतात का?

बहुतेक वेळा नाही. व्हिएतनाम आणि इजिप्तमध्ये एक छोटा हॉर्न म्हणजे ‘मी इथे आहे’ एवढंच. दचकून उडी मारू नका, चाल तशीच ठेवा. लांबलचक हॉर्न बस-ट्रकचा असतो आणि त्याचा अर्थ ‘मी थांबणार नाही’. तिथे वाट द्या. दिव्यांची उघडझाप हीसुद्धा आपल्यासारखीच: मी येतोय, तू थांब. ब्रिटनमध्ये बरेच चालक तीच खूण ‘तू जा’ या अर्थी करतात, त्यामुळे दिव्यांवरून निर्णय न घेता गाडीचा वेग खरंच कमी झाला का ते बघा. काठमांडूच्या खोऱ्यात १४ एप्रिल २०१७ पासून विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. तिथे हॉर्न ऐकू आला नाही म्हणून रस्ता मोकळा असं समजू नका.

१२. टॅक्सी कुठली घ्यावी? फसवतात का?

फसवणूक विमानतळाच्या दाराशी आणि पर्यटनस्थळांपाशी जास्त होते. उबरने २०१८ मध्ये आग्नेय आशियातला व्यवसाय ग्रॅबला दिला, त्यामुळे व्हिएतनाम-थायलंडमध्ये उबर उघडून उपयोग नाही. ग्रॅब घ्या. व्हिएतनाममध्ये झान एसएमच्या विजेच्या गाड्याही चांगल्या. इजिप्तमध्ये उबर आणि करीम चालतात, काठमांडूत पठाओ, कोलंबोत पिकमी, इस्तंबूलमध्ये बीटॅक्सी. ही ॲप घरीच उतरवून भारतीय क्रमांकावर पडताळणी करून घ्या. परदेशातलं सिम घातल्यावर पडताळणीचा संदेश अडकतो.

व्हिएतनामच्या मीटरवर शेवटची शून्यं बऱ्याचदा गाळलेली असतात. ४५.० असं दिसलं तर भाडं ४५ हजार डाँग. याच गोंधळात दहापट पैसे दिले जातात. २० हजार आणि ५ लाख डाँगच्या नोटा दोन्ही निळसर असतात, अंधारात नीट बघून द्या.

१३. बाइक टॅक्सी सुरक्षित आहे का? साडी नेसून बसता येईल का?

एकट्या, हलक्या सामानाच्या माणसाला, गर्दीच्या वेळी, छोट्या अंतरासाठी बाइक टॅक्सी सोयीची असते. बँकॉकमध्ये चालक नारिंगी जाकीट घालतात. साडी नेसून एका बाजूला पाय टाकून बसू नका. तिथल्या दुचाकींना साडीसाठीची जाळी नसते, पदर चाकात जातो. ओढणी असेल तर काढून पिशवीत ठेवा. पंजाबी ड्रेस किंवा पॅंट, दोन्ही बाजूंना पाय, आणि चालकाच्या खांद्याऐवजी मागची कडी धरा.

हेल्मेट व्हिएतनाममध्ये १५ डिसेंबर २००७ पासून सक्तीचं आहे आणि चालक मागच्यासाठी देतो. पण पट्टा सैल असतो. हनुवटी आणि पट्टा यांच्यात फार तर दोन बोटं मावली पाहिजेत. धुराडं उजव्या बाजूला असतं, म्हणून चढायचं-उतरायचं डावीकडूनच. उजव्या पोटरीला बसणारा चटका ही पर्यटकांची नेहमीची जखम आहे. चटका बसला तर लगेच वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका. पावसात बाइक घेऊ नका. चालकाच्या रेनकोटने आरसे झाकतात.

१४. आम्ही बडोद्यात रोज ॲक्टिव्हा चालवतो. तिथे स्कूटर भाड्याने घ्यावी का?

मोठ्या शहरात नको, हे आमचं स्पष्ट मत. आणि व्हिएतनाममध्ये तर कायद्यानेही जमत नाही. भारत जो आंतरराष्ट्रीय परवाना देतो तो १९४९ च्या जिनेव्हा करारानुसार असतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा सदस्य आहे आणि फक्त त्याच करारातला परवाना मानतो. म्हणजे आपला परवाना तिथे चालत नाही. दुकानदार पासपोर्ट ठेवून स्कूटर देतो, तो कायदा बघत नाही. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला तिथे परवाना लागत नाही हे खरं आहे, पण विम्याचा प्रश्न उरतोच (प्रश्न १६). मद्य घेतलं असेल तर विचारही करू नका: व्हिएतनाममध्ये चालकाच्या रक्तात मद्याचं प्रमाण शून्यच लागतं.

थायलंड १९४९ च्या करारात आहे, तिथे आपला परवाना चालतो. त्यावर दुचाकीचा शिक्का हवा. फक्त मोटारीचा परवाना असलेल्याने स्कूटर चालवली तर तो विनापरवानाच. श्रीलंकेत आपल्या परवान्यावर तिथली वेगळी मान्यता घ्यावी लागते. कुठेही मूळ पासपोर्ट तारण ठेवू नका. रोख अनामत आणि छायाप्रत द्या, आणि घेण्याआधी स्कूटरचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, नाहीतर जुन्या ओरखड्यांचे पैसे तुमच्याकडून मागतील.

१५. बडोद्यात आंतरराष्ट्रीय परवाना कसा काढायचा?

परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर गुजरात निवडून, आपल्या परवान्याच्या क्रमांकाने नमुना ४अ भरायचा. शुल्क १,००० रुपये. चालू परवाना, पासपोर्ट आणि छायाचित्र लागतं. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर व्हिसा आणि वैद्यकीय दाखल्याची अट राहिलेली नाही, पण तिकिटाची प्रत जवळ ठेवा. कागदपत्रांचं काम दरजीपुऱ्याच्या आरटीओत होतं. मुदत एक वर्ष, किंवा मूळ परवाना आधी संपत असेल तर तोपर्यंत. प्रवासात मूळ परवानाही बरोबर हवा, नुसत्या आंतरराष्ट्रीय पुस्तिकेला अर्थ नाही. परवान्यावर नाव आणि पासपोर्टवर नाव वेगळं असेल (लग्नानंतरचं आडनाव, वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं) तर ते आधी सुधारून घ्या, कामं इथेच अडतात. निघायच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात करा.

१६. प्रवास विमा घेतलाय. अपघात झाला तर सगळा खर्च मिळेल ना?

पायी चालताना धडक बसली तर सहसा मिळतो. दुचाकी चालवताना बसली तर पॉलिसीची कलमं बघावी लागतात. त्या देशात वैध परवाना नसणं, हेल्मेट नसणं, मद्य घेतलेलं असणं, यांपैकी एक जरी असलं तरी दावा नाकारला जाऊ शकतो. व्हिएतनाममध्ये स्वतः स्कूटर चालवणारा पहिल्याच अटीवर अडकतो. मागे बसलेल्याचा विमा वेगळा पाहिला जातो, म्हणून निघण्याआधी विमा कंपनीला दोन ओळींचा ईमेल करा: ‘दुचाकी टॅक्सीवर मागे बसल्यास संरक्षण आहे का?’ लेखी उत्तर जपून ठेवा.

१७. धडक बसलीच तर नेमकं काय करायचं?

आधी माणसाला बघा, भरपाईचं नंतर. मान किंवा पाठ दुखत असेल तर हलवू नका, उचलून रिक्षात घालायची आपली सवय इथे आवरा. हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. डोक्याला मार लागला आणि नंतर उलटी, झापड किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर जखम दिसत नसली तरी लगेच रुग्णालयात न्या.

रुग्णवाहिकेचे क्रमांक: व्हिएतनाम ११५, थायलंड १६६९, इजिप्त १२३, नेपाळ १०२, श्रीलंका १९९०, तुर्कस्तान आणि इटली ११२. पोलिसांसाठी व्हिएतनाममध्ये ११३. पर्यटक पोलिस थायलंडमध्ये ११५५, इजिप्तमध्ये १२६, नेपाळमध्ये ११४४. व्हिएतनाममध्ये रुग्णवाहिकेला वेळ लागतो. जखम किरकोळ असेल तर हॉटेलला फोन करून त्यांच्या भाषेत टॅक्सीवाल्याला सांगायला लावणं जास्त लवकर होतं.

गाडीच्या क्रमांकाचा आणि जागेचा फोटो घ्या. रुग्णालयात दाखल होण्याआधी, किंवा ते शक्य नसेल तर त्याच दिवशी, विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवा. पोलिस अहवालाची प्रत मागून घ्या. तिच्याशिवाय दावा लटकतो. रस्त्यावर पैशांची तडजोड करू नका आणि न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही तर मुळीच नको. प्रकरण गंभीर असेल तर भारतीय दूतावासाला कळवा. व्हिएतनाममध्ये हनोईत दूतावास आणि हो ची मिन्ह सिटीत वाणिज्य दूतावास आहे.

१८. रोजच्या आखणीत रहदारीसाठी किती वेळ धरायचा?

नकाशावर दिसणारं अंतर विसरा, घड्याळ बघा. हो ची मिन्ह सिटीचा तान सन न्यात विमानतळ शहराच्या मध्यापासून सात-आठ किलोमीटरवर आहे, पण संध्याकाळी पाच ते सात या वेळात तासभर सहज जातो. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेने फाया थाईपर्यंत अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. तेच मोटारीने केव्हा पोहोचाल ते सांगता येत नाही. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते सात या वेळात शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा बेत करू नका.

रुळावरचा किंवा पाण्यावरचा पर्याय आधी शोधा: हो ची मिन्ह सिटीत २२ डिसेंबर २०२४ पासून बेन थान्ह ते सुई तिएन मेट्रो चालू आहे, बँकॉकमध्ये आकाशगाडी आणि सेन सेप कालव्यातल्या बोटी, इस्तंबूलमध्ये फेरी आणि सामुद्रधुनीखालून जाणारी मार्मराय रेल्वे, कैरोत १९८७ पासूनची मेट्रो, जिच्यात स्त्रियांसाठी वेगळे डबे असतात. जोराच्या पावसात मात्र सगळंच थांबतं. हो ची मिन्ह सिटीचे सखल रस्ते तुंबतात, अलकापुरीच्या गरनाळ्यासारखे, आणि पाण्याखालचं उघडं झाकण दिसत नाही. पाणी साचलेला रस्ता पायी ओलांडू नका.

थायलंडला जात असाल तर नववर्ष आणि १३ ते १५ एप्रिलचा सोंगक्रान या दोन सुट्ट्यांकडे लक्ष ठेवा. तिथलं सरकारच या काळाला ‘सात धोक्याचे दिवस’ म्हणून मोहीम चालवतं. या दिवसांत रात्रीचा रस्त्याचा प्रवास टाळा.

१९. हनोईहून येताना सिंगापूरला दोन दिवस थांबतोय. काही वेगळं लक्षात ठेवायचं?

हो, आणि हे महत्त्वाचं आहे. आठवडाभर लोंढ्यात शिरून चालायची सवय लागलेली असते. सिंगापूरमध्ये पन्नास मीटरच्या आत पट्टा, पूल किंवा भुयारी मार्ग असताना इतर ठिकाणाहून रस्ता ओलांडणं गुन्हा आहे. शिवाय तिथे गाड्या पुन्हा डाव्या बाजूने, त्यामुळे व्हिएतनाममध्ये नुकतीच बदललेली मान परत फिरवावी लागते. दुबईमार्गे येणाऱ्यांनी आणखी जपावं: भलत्या ठिकाणी रस्ता ओलांडल्यास ४०० दिरहॅम दंड आहे, आणि मार्च २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यात ताशी ८० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगमर्यादेच्या रस्त्याबाबत कैदेपर्यंतची तरतूद आहे. तिथला चालक तुम्ही मध्येच रस्त्यावर येणार हे गृहीतच धरत नाही, म्हणून प्रश्न ३ मधली एकही गोष्ट तिथे करू नका. मुलांनाही विमानातच हे समजावून ठेवा. हनोईत त्यांना आपणच पाऊल टाकायला शिकवलेलं असतं.